धाकटीचे चार सेकंद

बेचाळीस वेळा ‘उघडा, बटण’ असे ऐकायला एकोणीस सेकंद लागतात. मृणाल गुरवने ते मोजले होते. तिचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा यांत्रिक आवाज, ती इतक्या वेगाने चालवायची की शेजारच्याला कढईत मोहरी तडतडल्यासारखे वाटे. त्या वेगालाही एकोणीस सेकंद. उघडा, बटण. उघडा, बटण. कोणते बटण काय उघडते, हे मात्र एकदाही नाही.

हे अ‍ॅडमिन पेज, कारभार चालवण्याचे पान, माळशिंगीच्या पाणीपुरवठ्याचे होते. टेकडीवरच्या टाकीतून गावात उतरणाऱ्या नळांवर बेचाळीस व्हॉल्व्ह होते. पूर्वी ते लोखंडी चावीने, हाताने फिरवायचे. आता प्रत्येकावर मोटर बसली होती, आणि नियंत्रण खोलीतल्या संगणकावरून सगळे चालायचे. डोळस माणसाला नकाशा दिसे, नकाशावर निळे ठिपके, ठिपक्याशेजारी बटण. सहा वर्षांची असताना तापात मृणालची नजर गेली होती. तिच्यासमोर फक्त एकसारखी बेचाळीस दारे ओळीने उभी होती. त्यांतल्या एकामागे कुंभार गल्ली होती, एकामागे सरकारी दवाखाना.

गंमत म्हणजे हे पान चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झाले होते, आणि तेही मृणालच्याच कचेरीत. कोल्हापूरच्या त्या छोट्या कंपनीत वेबसाइटच्या चाचण्या यंत्रे घ्यायची. यंत्र विचारायचे: प्रत्येक बटणाला नाव आहे का? आहे. माऊसशिवाय, नुसत्या कीबोर्डने तिथे पोचता येते का? येते. मग पास. वर्गातल्या बेचाळीसही मुलांचे नाव ‘मुलगा’ ठेवावे आणि प्रत्येकाला नाव आहे म्हणून समाधान मानावे, तसा प्रकार.

मृणाल तेव्हा हसली होती. पण हसण्याखाली तिला एक सुटकाही वाटली होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नाही.

कारण माळशिंगी तिचे गाव. तिचे वडील, बळवंतआण्णा, तिथे एकतीस वर्षे व्हॉल्व्हमन होते. तीन वर्षांपूर्वी तिथल्या पाणीपुरवठा अभियंता देवरुखकर मॅडम तिला म्हणाल्या होत्या, “पाणी नियंत्रकाची जागा निघतेय. नकाशा वाचणारे मला पन्नास मिळतील, गाव कानानं ओळखणारी तू एकटीच आहेस. अर्ज कर.” मृणालने अर्ज भरला, जपून ठेवला आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, “ते पान वाचण्याजोगं झालं की पाठवते.”

कारण अगदी खरे होते. खऱ्या कारणावर माणसाला फार ऐसपैस बसता येते. मृणाल बसूनच राहिली. तोवर माळशिंगीत कंत्राटी नियंत्रक येत राहिले आणि चार-सहा महिन्यांत जात राहिले.

मग धाकटी आली.

ती फिरदोस मुजावरची कल्पना. फिरदोस मृणालच्या शेजारच्या टेबलावर बसायचा, दिवसातून सहा वेळा चहा प्यायचा आणि पाच वेळा तो सोडायची शपथ घ्यायचा. त्याचे म्हणणे साधे होते. जुने यंत्र पानाची तोंडी परीक्षा घेते. आपल्याला हवे ते पानाकडून काम करून घेणारे यंत्र.

त्यासाठी त्याने मृणालच्या कामाची चारशे तासांची नोंद केली. कोणती कळ दाबली, दोन कळांमध्ये किती वेळ गेला, कुठे पुन्हा ऐकले, कुठे अंदाजाने पुढे उडी मारली, कुठे वैतागून सोडून दिले. मोबाइलवर टाइप करताना तो पुढचा शब्द सुचवतो, तसे हे यंत्र मृणालची पुढची कळ सुचवायला शिकले. शिकता शिकता तिच्या सवयी, तिची घाई, तिचा चिवटपणा हे सगळे त्यात उतरले. त्याला एखादे काम सांगायचे, ‘कुंभार गल्लीचे पाणी सहा वाजता चाळीस मिनिटे सोड’, आणि पानाच्या सरावाच्या प्रतीवर सोडून द्यायचे. ते मृणालसारखे ऐकत, चाचपडत निघे आणि जिथे वाट चुकेल तिथे टिपण ठेवी.

आण्णांनी हे फोनवर ऐकले आणि म्हणाले, “म्हंजे तुझी धाकटी बहीणच की!” तेच नाव राहिले.

धाकटीचे पहिले काम माळशिंगीचे पान. फिरदोसने टिपण मोठ्याने वाचले, “पंधराव्या ‘उघडा’पाशी थांबली. पहिल्यापासून मोजायला लागली. सत्ताविसाव्याला नाद सोडला.”

“मी एकविसाव्याला सोडला होता,” मृणाल म्हणाली.

“धाकटी जास्त सोशिक आहे म्हणायची.”

“नवी आहे अजून. होईल माझ्यासारखी.”

चार महिन्यांत ते पान दुरुस्त झाले. आता प्रत्येक बटण स्वतःची पूर्ण ओळख सांगत होते: ‘कुंभार गल्ली, मुख्य व्हॉल्व्ह, बंद.’ नकाशा होता तसाच राहिला. त्याच्या शेजारी गल्लीवार यादी आली. वर्षभरात धाकटी नऊ हजार पाने फिरली. शाळांची, रेशन दुकानांची, रुग्णालयांची. जळगावच्या एका औषध दुकानदाराचे पत्र आले. अर्धांगवायूने त्याचा उजवा हात गेला होता. त्याच्या साठ्याचे पान धाकटीमुळे नुसत्या कीबोर्डवर चालू लागले होते. ‘तुमच्या बहिणीस आशीर्वाद सांगावेत,’ असे त्याने लिहिले होते. फिरदोसने ते पत्र भिंतीला लावले आणि मृणालला रोज एकदा वाचून दाखवू लागला.

माळशिंगीचे पान दुरुस्त झाले, तरी मृणालचा अर्ज जिथल्या तिथेच होता. विचारले की ती म्हणायची, “बघते. अजून एकदा नीट तपासू दे.”

तेवढ्यात तक्रारी सुरू झाल्या.

प्रत्येक अ‍ॅडमिन पेजवर मोठे काम करण्याआधी एक शेवटचा प्रश्न येतो: ‘नक्की उघडायचे?’, ‘नक्की पाठवायचे?’. धाकटी तिथे पोचली की चार सेकंद थांबायची. मग एक पाऊल मागे जायची, आधीचे सगळे पुन्हा ऐकायची, परत यायची आणि मग ‘होय’ दाबायची. टिपणात लिहायची, ‘हेतू अस्पष्ट’. अशी सातशे टिपणे साठली. लोकांनी आपापली वाक्ये बदलली. धाकटी तरी थांबायचीच.

नागपूरच्या एका प्रोग्रॅमरचा, बोरकुट्यांचा, फोन आला. “काहो मॅडम, तुमच्या धाकटीले पायजे तरी काय? सहा वेळा वाक्य बदललं मी. आता का पाया पडू तिच्या?”

“नका पडू,” मृणाल म्हणाली. “पाय नाहीत तिला.”

त्या दुपारी फिरदोसने एक रिकामे पान तयार केले. त्यावर एकच बटण: ‘ठीक’. दाबले तरी काही होत नसे, न दाबले तरी नाही. धाकटीला तिथे सोडले. तिने ‘ठीक’ ऐकले. थांबली. चार पूर्णांक एक सेकंद. मग मागे वळली. मागे काहीच नव्हते, तेव्हा ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीला जाऊन धडकली, परत आली आणि बटण दाबले. टिपण: ‘हेतू अस्पष्ट’.

दोघे इतके हसले की पलीकडच्या खोलीतून हिशेबनीस बाई काय झाले ते बघायला आल्या.

हसता हसता फिरदोस कीबोर्डकडे वळला. कळांचा खडखडाट बराच वेळ चालला. चारशे तासांची मूळ नोंद तो उपसत होता.

“मृणाल,” तो जरा जपून म्हणाला, “या नोंदीत शेवटचं बटण तू दोन हजार अकरा वेळा दाबलंयस. एकदाही सरळ नाही.”

“म्हणजे?”

“प्रत्येक वेळी थांबून, मागे जाऊन, मग. पानं स्पष्टच होती गं. धाकटी हे तुझ्याकडून शिकली.”

“अ‍ॅपवर चहा मागवतानाही?”

“चहाला तीन पूर्णांक सहा. सोबत बिस्किटं असली तर चार.”

मृणालने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. नऊ हजार पानांवर आपली एक सवय फिरत होती आणि सातशे जणांना त्यांच्या न केलेल्या चुका दाखवत होती. बोरकुटे बिचारा वाक्ये घासत बसला होता, आणि घासायचे होते ते इथे.

“एका ओळीत काढून टाकतो,” फिरदोस म्हणाला. “उद्यापासून धाकटी धाडकन बटण दाबेल.”

“थांब.”

“बघ! परत थांबलीस.”

ती हसली, पण तिचे डोके दुसरीकडे धावत होते. “धाकटी चार सेकंद थांबल्यावर तिला बाहेर काढणारी पानं आहेत का, शोध.”

त्रेसष्ट निघाली. त्या पानांवर शेवटचा प्रश्न तीन सेकंदांनी आपोआप नाहीसा होई आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून भरावे लागे. त्यांतली काही तर म्हाताऱ्या माणसांनी पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरायची होती. जगात थांबून दाबणारी माणसे मृणाल एकटीच नव्हती. म्हणून धाकटीचा तो थांबा ठेवायचा ठरले, फक्त टिपण बदलले. ‘हेतू अस्पष्ट’ पुसले गेले. आता धाकटी एवढेच नोंदवू लागली, की या पानाला दम धरता येतो की नाही. सातशे जणांना दिलगिरीची पत्रे गेली. बोरकुट्यांनी उलट लिहिले, ‘जाऊ द्या. सहावं वाक्य झकास जमलं होतं.’

संध्याकाळी खोलीवर येऊन मृणालने आपला अर्ज उघडला. नाव, शिक्षण, अनुभव सारे भरलेले. शेवटी ‘सादर करा, बटण’. तीन वर्षांत ती इथवर किती वेळा आली होती, ते संगणकाने सांगितले: अकरा. आता पान नीट नसल्याचे कारण उरले नव्हते. ते तिने स्वतःच्याच सवयींची नोंद देऊन, स्वतःच्याच हाताने काढून टाकले होते.

त्याच आठवड्यात देवरुखकर मॅडमचा फोन आला. “मृणाल, पुढच्या शुक्रवारी पाच वाजता अर्ज बंद होतायत. कुणी टिकणारं मिळालं नाही, तर माळशिंगीचं पाणी एका कंपनीच्या केंद्राकडे जाईल. चारशे किलोमीटरवर बसून वेळापत्रकानं सोडतील. कुंभार गल्लीला चढ आहे, हे त्यांना कोण सांगणार? त्याच दिवशी सकाळी नव्या व्यवस्थेची चाचणी आहे. निदान त्या एका पाळीचं पाणी तरी सोडून दाखव. पुढचं तुझं तू ठरव.”

रविवारी मृणाल गावी गेली. आण्णा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. तिने त्यांना चार सेकंदांची सगळी हकिगत सांगितली. आण्णा इतके हसले की मांडीवरचे सूप कलंडले.

“अगं, ती खोड माझी हाय!”

“तुमची?”

“तर काय. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की अर्धा आटा मागं फिरवायचा. लहानपणी चावीवर तुझा हात धरून शिकीवलंय की मी. टोकाला नेऊन तसाच ठेवला तर गंजून धरतो, पुढच्या पाळीला हलत न्हाई. अर्धा आटा मागं घेतला की मोकळा ऱ्हातो.”

मृणालला आठवले. थंडगार लोखंडी चावी, तिच्या टोकाला टेकवलेला कान, आत दुरून येणारी घरघर, आणि तिच्या हातावर आण्णांचा खरखरीत हात: आता मागं, पोरी, अर्धा.

“पण मागं कधी घ्यायचा?” आण्णा म्हणाले. “उघडल्यावर. तू आदीच मागं फिरतीस. मग पाणी यायचं कसं, बाई?”

तिने एक शेंग उचलून फोडली.

“आण्णा, चूक झाली तर? दवाखान्याचं पाणी माझ्या हातनं बंद राहिलं तर?”

“दहा मिन्टांत फोन यील. लोक गप बसत्यात व्हय? एकदा दुरुस्तीचा नळ उघडा ऱ्हायला आन् मी पाणी सोडलं, थेट लग्नाच्या मांडवात. नवरदेव चिंब. आजून दिसला की हात जोडतो मला.”

“राग म्हणून?”

“न्हाई गं. त्या उन्हाळ्यात आख्ख्या गावात आंघोळ घडलेला तो एकटाच.”

मृणालला हसू आवरेना. शेंगांनी तिची ओंजळ भरत आण्णा म्हणाले, “शुक्रवारी मी कुंभार गल्लीत उभा ऱ्हातो. हितनं काय ऐकू येतंय ते फोनवर सांगतो.”

शुक्रवारी पहाटेची पहिली गाडी धरून फिरदोस आला, हातात चहाचा थर्मास घेऊन. नियंत्रण खोलीत देवरुखकर मॅडमनी मृणालला खुर्चीवर बसवले. नव्या व्यवस्थेत प्रत्येक व्हॉल्व्हजवळ नळाला एक बारीक ध्वनिमापक चिकटवला होता. गळती झाली तर कळावी म्हणून. त्याचा आवाज यंत्राने ऐकायचा, असे ठरले होते. तो मला हेडफोनमध्ये द्या, असे मृणालने मागून घेतले.

सहाला पाच मिनिटे होती. टेबलावरच्या फोनमधून कुंभार गल्ली ऐकू येत होती. कळशा आपटत होत्या, कुणीतरी कुणाच्या तरी नंबरावरून भांडत होते.

“आण्णा, आज तुमची लेक हाय म्हणं! जरा हात सैल सोड म्हणावं आमच्याकडं.” रांगेतली एक बाई म्हणाली.

“तिला ऐकू जातंय, रखमाक्का.”

“मग तर आनी चांगलं! ऐकलं का गं, मृणाल?”

मृणालची बोटे कीबोर्डवर फिरली. ‘कुंभार गल्ली, मुख्य व्हॉल्व्ह, बंद.’ तिने एंटर दाबले. ‘नक्की उघडायचे? होय, बटण.’

फिरदोस मनात आकडे मोजत असणार, हे तिला ठाऊक होते. तिचे बोट सवयीने मागच्या कळेकडे निघाले, अर्ध्या वाटेवर गेले. मग तिने ते उचलले आणि ‘होय’ दाबले.

दूर कुठेतरी मोटर गुणगुणली. हेडफोनमध्ये आधी हवा सुसाटली, नळ दोनदा खोकला, आणि मग तो आवाज आला, जाड, सलग, खाली उतरणारा. फोनमधून गल्ली ओरडली, “आलं! पाणी आलं!” कळशीच्या तळावर पडणारी धार मृणालला इथे बसून मोजता आली असती.

पण ती मान तिरकी करून ऐकत होती. “वरच्या टोकाला पोचलं नाही.”

“पडद्यावर सगळं हिरवं आहे,” देवरुखकर मॅडम म्हणाल्या.

“आवाज पोकळ आहे, मॅडम. नळ अर्धाच भरलाय. चढावर खालचा चौक सगळं ओढून घेतोय.” तिने यादीत खाली जाऊन गोठण चौकाचा व्हॉल्व्ह दोन आट्यांनी कमी केला. शेवटचा प्रश्न आला. या वेळी तिचे बोट कुठेही गेले नाही. हेडफोनमधला पोकळपणा हळूहळू भरत गेला, भांडे काठोकाठ भरत येताना आवाज चढतो तसा.

“आण्णा, वरच्या टोकाला विचारा.”

आण्णांची पावले, दम, आणि मग त्यांचा आवाज. “आलंय! पार शेवटच्या घरापत्तूर आलंय! तीन वर्सांत पहिल्यांदा, म्हंत्यात.”

फिरदोसने घाईघाईने थर्मास उघडला आणि निम्मा चहा टेबलावर सांडला. देवरुखकर मॅडमनी स्वतःच्या रुमालाने तो पुसला. मग म्हणाल्या, “अर्ज पाचला बंद होतो. तुझा आला तर नेमणुकीचा कागद आजच काढते. तो अधिकार माझा आहे.”

“आणि धाकटी?” मृणालने फिरदोसला विचारले.

“ती राहील की माझ्याकडे. तू गेलीस तर चहाला सोबत कोण, एवढाच प्रश्न आहे.” तो हसत होता, पण त्याचा आवाज जरा ओला होता. “जा गं. नऊ हजार पानं तिनं नीट केली. त्यातल्या एकावर तरी तू बस.”

मृणाल उत्तर देणार, तोच फोनमध्ये रखमाक्कांचा आवाज घुसला. त्यांनी तो आण्णांच्या हातून ओढून घेतला असावा.

“ए मृणाल! आता पुढची पाळी रविवारी. तवा कोण हाय? दर बारीला नवा माणूस येतो, त्याला पैल्यापास्नं सांगायला लागतं, आमच्याकडं चढ हाय म्हनून. रविवारी कुणाला सांगायचं आमी?”

मृणालने हेडफोन गळ्यात उतरवला आणि फोनकडे तोंड केले, खोलीतल्या दोघांनाही नीट ऐकू जाईल अशा बेताने.

“कुणालाच सांगू नका, रखमाक्का. रविवारी मी आहे, आणि त्यानंतरही मीच. ही नोकरी मी घेतली.”